एकाच दिवशी तीन लेखक: उझबेक साहित्यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ताश्कंदच्या जुन्या पुस्तकबाजारावर मी लिहिलं होतं. त्यात अब्दुल्ला कादिरी आणि चोल्पान ही नावं ओझरती आली होती. त्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यांनाच देते आहे. ताश्कंदला मी हिंदी शिकवायला होते. उझबेक तिथेच शिकले, आणि तेव्हापासून हे लेखक माझ्या रोजच्या वाचनात आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बाबराचं आत्मचरित्र फारसीत आहे ना? मग उझबेक लोक त्याला आपला लेखक कसं म्हणतात? (निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा)

सर, ‘बाबरनामा’ मुळात फारसीत नाही, चगताई तुर्कीत आहे. आजची उझबेक भाषा तिथूनच आली. आपल्याकडे फारसी म्हणून जो ग्रंथ माहीत आहे तो अकबरासाठी केलेला अनुवाद. तो अब्दुर रहीम खानखानाने केला, म्हणजे आपण शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम.

बाबर १४८३ साली फरगाणा खोऱ्यात अंदिजानला जन्मला. तिथल्या विद्यापीठाला आज त्याचं नाव आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात तो पानिपत आणि खानव्यापुरता येतो. तिकडची मुलं त्याच्या गझला पाठ करतात. राजा म्हणून तो कसा होता, हा वाद आपल्याकडे बराच आहे, तो इथे नको. लेखक म्हणून मात्र त्याच्या काळात त्याच्या तोडीचं गद्य फार थोड्यांनी लिहिलं. हुमायूनला लिहिलेलं त्याचं एक पत्र ‘बाबरनाम्या’त आहे. मुलगा दूर मोहिमेवर आहे, राज्य नवं आहे, आणि बाप त्याला शुद्धलेखनाच्या चुका दाखवतो! तुझं पत्र वाचताना डोकं फिरतं, उगाच अवघड लिहितोस, साधं लिही म्हणजे तुलाही त्रास कमी आणि वाचणाऱ्यालाही. दुसऱ्या एका पत्रात तो ख्वाजा कलानला सांगतो की खरबूज कापलं, खाल्लं आणि रडू आवरेना. हिंदुस्तान जिंकलेला माणूस हे लिहून ठेवतो, लपवत नाही. मी त्याला लेखक म्हणते ते ह्यासाठी.

प्रश्न : अलीशेर नवाई तर हेरातचे, म्हणजे अफगाणिस्तानातले. त्यांना उझबेक साहित्याचे जनक का म्हणतात? (वाचक, नागपूर)

नवाईच्या काळी आजच्या सीमा नव्हत्या. तो १४४१ साली हेरातला जन्मला, १५०१ साली तिथेच वारला. तैमूरच्या वंशातला सुलतान हुसेन बायकरा हा त्याचा राजा आणि बालपणापासूनचा मित्र. दरबारात कविता म्हणजे फारसी. तुर्की ही शिपायांची, घरातली, बाजारातली भाषा. नवाईला फारसी उत्तम येत होती, ‘फानी’ ह्या नावाने त्याने फारसीत कविताही लिहिली. तरी आयुष्यातलं मोठं काम त्याने तुर्कीत केलं. फारसी कवी निझामीच्या धर्तीवरची पाच दीर्घकाव्यं, ‘खम्सा’, त्याने १४८३ ते १४८५ ह्या दोन-अडीच वर्षांत पुरी केली. मरणाआधी, १४९९ साली, दोन भाषांची तुलना करणारा एक छोटा ग्रंथ लिहिला. तुर्की फारसीपेक्षा कमी नाही हे सांगायला त्यात तो शंभर तुर्की क्रियापदांची यादीच देतो. बाबरही कौतुकाने लिहितो की तुर्कीत इतकं आणि इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलेलं नाही.

तुर्क, उइघुर, तुर्कमेन हेही नवाईला आपला मानतात आणि त्यांचंही बरोबर आहे. त्या जुन्या भाषेला ‘जुनी उझबेक’ म्हणायचं हे सोव्हिएत काळात ठरलं. पण ताश्कंदमध्ये नवाई जितका रोजच्या जगण्यात आहे तितका इतरत्र क्वचितच असेल. शहराचा ऑपेरा त्याच्या नावाचा. मेट्रोचं त्याच्या नावाचं एक स्टेशन आहे, त्याच्या भिंतींवर ‘खम्सा’तले प्रसंग निळ्या मातीकामात कोरलेले आहेत. ऑफिसला निघालेली माणसं फरहाद-शिरीनसमोर गाडीची वाट बघत उभी असतात.

प्रश्न : कादिरी आणि चोल्पान यांना मारलं, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. का मारलं? आणि ते खरंच इतके मोठे लेखक होते की मृत्यूमुळे मोठे झाले? (वाचक, कोल्हापूर)

तुमचा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी घटना सांगते.

४ ऑक्टोबर १९३८ रोजी ताश्कंदमध्ये अब्दुर्रऊफ फितरत, चोल्पान आणि अब्दुल्ला कादिरी ह्या तिघांना गोळ्या घातल्या. वयं ५२, ४१ आणि ४४. राष्ट्रवादी, सोव्हिएतविरोधी, हेर, असे आरोप. स्टालिनच्या दहशतीच्या त्या दोन वर्षांत, १९३७-३८ला, ते कुणावरही ठेवले जात. निकालाच्या कागदावरची तारीख दुसऱ्या दिवशीची आहे. तिघांची पुस्तकं वाचनालयांतून काढली गेली. ती घरात सापडली तर घरच्यांवर संकट.

आता साहित्य. हे तिघे जदीद चळवळीतले. मदरशातली घोकंपट्टी बंद करा, मुलांना भूगोल-गणित शिकवा, वर्तमानपत्रं काढा, नाटकं करा, म्हणणारी तरुण मंडळी. त्यांच्या आधी उझबेकमध्ये कविता भरपूर होती, आधुनिक अर्थाने कादंबरी नव्हती, रंगभूमीही नुकती सुरू झालेली. साधारण पंधरा वर्षांत ह्या माणसांनी कादंबरी, नाटक, नवी कविता, व्याकरण, साहित्याचा इतिहास, सगळं उभं केलं. एका भाषेतलं इतकं काम इतक्या थोड्या लोकांनी केल्याचं दुसरं उदाहरण मला सहज आठवत नाही.

फितरत बुखाऱ्याचा. त्याचं भारताशी नातं आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून थोडं सविस्तर. इस्तंबूलला शिकत असताना, १९१०च्या आसपास, त्याने ‘मुनाझरा’ नावाचा संवाद लिहिला. बुखाऱ्याचा एक मुदर्रिस, म्हणजे मदरशातला शिक्षक, हजला निघालाय, वाटेत हिंदुस्तानात थांबलाय आणि तिथे एका युरोपियनाशी नव्या शाळांवरून त्याचा वाद जुंपतो. पाठोपाठ दुसरं पुस्तक : एक हिंदी प्रवासी बुखाऱ्याला येतो आणि तिथली घाण, लाचखोरी, वैद्यकाची दैना बघून थक्क होतो. बुखाऱ्याच्या अमिराविरुद्ध स्वतःच्या तोंडाने बोलायची सोय नव्हती, म्हणून फितरतने ते एका हिंदी माणसाच्या तोंडी घातलं. पुढे १९२०च्या दशकात तर त्याने सरळ भारतातल्या स्वातंत्र्यलढ्यावर नाटकं लिहिली. त्यातलं ‘हिंद इख्तिलालचिलारी’, म्हणजे हिंदी बंडखोर, १९२३ साली बर्लिनमध्ये छापलं गेलं. रहीमबख्श आणि दिलनवाज ही त्यातली प्रेमी जोडी, आणि समोर इंग्रज सत्ता. ताश्कंदचा प्रेक्षक इंग्रजांच्या जागी कुणाला बघत होता हे वेगळं सांगायला नको. त्याच फितरतने १९१८च्या सुमारास ‘चिगताय गुरुंगी’ हे मंडळ काढून जुनी हस्तलिखितं गोळा केली. नवाई घरोघर पोहोचला त्यामागे तेही काम आहे.

चोल्पान अंदिजानचा, बाबराच्या गावचा. आधी कवी. ‘गोझल’ (सुंदरी) ही त्याची कविता उझबेक माणसाला तोंडपाठ असते : अंधाऱ्या रात्री तो सगळ्यात तेजस्वी ताऱ्याला तिच्याबद्दल विचारतो, तारा लाजून मान खाली घालतो आणि म्हणतो, मी तिला स्वप्नातच बघतो. मग चंद्र, मग पहाटवारा, मग सूर्य. त्याने ‘हॅम्लेट’ उझबेकमध्ये आणलं. त्याच्या ‘केचा वा कुंदुझ’ (रात्र आणि दिवस) ह्या कादंबरीतली झेबी ही गोड गळ्याची मुलगी. एका वयस्कर अंमलदाराची चौथी बायको म्हणून तिला दिलं जातं. सवतीने तिच्यासाठी ठेवलेलं विष नवराच पितो आणि खुनाचा आळ झेबीवर येतो. खटला रशियन कोर्टात, रशियन भाषेत. आपल्याबद्दल काय चाललंय हे तिला कळतच नाही आणि तिची रवानगी सैबेरियात होते. ही ‘रात्र’. ‘दिवस’ हा दुसरा भाग आज उपलब्ध नाही.

आणि कादिरी. पहिली उझबेक कादंबरी त्याची : ‘ओत्कन कुनलार’, सरलेले दिवस. मासिकात येऊ लागली १९२२ साली, पुस्तकरूपाने १९२५-२६. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा, कोकंदच्या खानांच्या शेवटच्या दिवसांचा. पहिलं वाक्य साल-महिन्याने सुरू होतं : हिजरी १२६४, दल्व महिन्याची सतरा तारीख, हिवाळा, सूर्य मावळलाय, मगरिबची अजान ऐकू येतेय. माझ्या वर्गात एकीने ते म्हणायला घेतलं की बाकीच्या सूर धरायच्या. मग कादिरी आपल्याला मर्गिलानच्या एका सराईत नेतो आणि खोल्या दाखवतो. सगळ्या खोल्यांत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बिछायत, एकीत लाल गालिचा. सगळीकडे जाड्याभरड्या गोधड्या, इथे रेशमी. सगळीकडे काजळी धरणारा दिवा, इथे मेणबत्ती. त्या खोलीतल्या तरुणाचं नाव अजून सांगितलेलं नाही, पण तो कोण, कुठल्या घरचा, कसा एकटा, हे आपल्याला कळलेलं असतं.

तो अताबेक. ताश्कंदच्या मोठ्या घरातला. मर्गिलानच्या कुमुशवर त्याचं मन बसतं, लग्नही होतं. पण आईला सून आपल्या शहरातली हवी, म्हणून त्याच्या गळ्यात दुसरी बायको, झैनब, बांधली जाते. शेवटी कुमुश बाळंतीण होते आणि झैनब तिला विष घालते. कादिरीने झैनबला खलनायिका केलं नाही, हे मला त्याचं सगळ्यात मोठं यश वाटतं. तिलाही कुणी विचारलेलं नव्हतं. नको असलेल्या घरात नको असलेली बायको म्हणून तिने काढलेले दिवस तो दाखवतो, आणि आई, बाप, मुलगा हे सगळे चांगले लोक असूनही घरात विष कसं तयार होतं ते आपण बघत राहतो. बाहेर तेच राज्यात चाललंय : किपचाक जमातीची कत्तल, बेग म्हणजे सरदार लोकांची आपसांतली भांडणं, आणि उत्तरेकडून रशियन सरकतायत. अताबेक शेवटी त्यांच्याशी लढताना मरतो. हे १९२६ साली छापलं गेलं आणि बारा वर्षांनी त्याच्या लेखकाला मारलं.

तेव्हा, मृत्यूमुळे मोठे झाले का? नाही. कादिरीला लोक जिवंतपणीच वाचत होते. हातोहात पुस्तक फिरे, आजही मुलींची नावं कुमुश ठेवतात. मृत्यूने झालं ते उलटंच : पुढचं लिखाण गेलं आणि आधीचं वीस वर्षं दडपलं गेलं. स्टालिन गेल्यावर कादिरीची कादंबरी पुन्हा छापली. फितरत आणि चोल्पान ह्यांना मात्र ऐंशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत वाट बघावी लागली. एक पुस्तक ह्यावर जरूर वाचा : हमीद इस्माइलोव यांची ‘जिनलार बझ्मी’. तुरुंगात कादिरी मनातल्या मनात न लिहिलेली कादंबरी रचतोय, अशी कल्पना आहे. इंग्रजी अनुवादाला २०१९ साली युरोपीय पुनर्बांधणी व विकास बँकेचा साहित्य पुरस्कार मिळाला. इस्माइलोव यांनाही नव्वदच्या दशकात देश सोडावा लागला.

प्रश्न : मग त्यानंतरचे सोव्हिएत काळातले लेखक सगळे सरकारी म्हणायचे का? (वाचक, ठाणे)

नाही, असं सरसकट म्हणणं अन्याय होईल. सरकारी कविता त्यांनी लिहिल्या, पदकंही घेतली. पण ओय्बेकने नवाईवर कादंबरी लिहिली आणि जुन्या कवीला लोकांसमोर उभं केलं. गफूर गुलामची १९४२ची ‘तू अनाथ नाहीस’ ही कविता युद्धात आईबाप गमावून ताश्कंदला आलेल्या मुलांना उद्देशून आहे, आणि त्या शहरातल्या घरांनी ती मुलं खरोखर सांभाळली. त्याच गफूर गुलामचा ‘शुम बोला’ हा उनाड पोरगा आजही घराघरांत हसवतो. कवी उस्मान नासिर ह्याला मात्र पंचविशीतच अटक झाली, तो १९४४ साली सैबेरियातल्या छावणीत वारला. त्याच पिढीतले हे सगळे.

प्रश्न : तिकडची आजची तरुण मुलं हे सगळं मुळातून वाचू शकतात का? (ग्रंथपाल, लातूर)

छापील आवृत्त्या वाचतात. जुनी पुस्तकं नाही. विसाव्या शतकात त्यांची लिपी पुन्हा पुन्हा बदलली : अरबी, मग १९२०च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन, १९४० साली सिरिलिक, आणि स्वातंत्र्यानंतर १९९३ला परत लॅटिन करण्याचा कायदा. आपल्या आजोबांचे मोडीतले कागद आपल्याला वाचता येत नाहीत, तसंच, फक्त तिथे हे एकाच शतकात तीनदा घडलं. एका विद्यार्थिनीच्या घरी मी ‘ओत्कन कुनलार’ची अरबी लिपीतली जुनी प्रत बघितली. घरच्यांनी ती वाईट वर्षांत लपवून ठेवली होती. मुलीला अक्षर लागत नव्हतं, म्हणून उर्दू लिपी येणारी मी एकेक शब्द उच्चारत गेले आणि अर्थ ती सांगत गेली. पणजोबांनी समासात काही लिहिलं होतं, तेही आम्ही असंच लावलं. लिपीबदलाची कारणं काहीही असोत, प्रत्येक वेळी एक अख्खं कपाट मुकं झालं, आणि ह्याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : लेखिका कोण? एकाही बाईचं नाव तुमच्या लेखात नव्हतं. (एम.ए.ची विद्यार्थिनी, नाशिक)

तुझी तक्रार रास्त आहे. दोन नावं लिहून ठेव. नादिरा (१७९२ ते १८४२) ही कोकंदच्या खानाची बायको आणि दोन भाषांत लिहिणारी कवयित्री. नवरा गेल्यावर राज्यकारभारात तिचा हात होता, आणि बुखाऱ्याच्या अमिराने कोकंद घेतलं तेव्हा त्याने तिला ठार मारवलं. तिच्या दरबारात उवैसी ही दुसरी मोठी कवयित्री होती.

दुसरी झुल्फिया (१९१५ ते १९९६). नवरा हमीद आलिमजान, तोही मोठा कवी, १९४४ साली मोटार अपघातात गेला. तिने पुढे पन्नास वर्षं त्याला उद्देशून लिहिलं आणि तिची सगळ्यात चांगली कविता तीच. सोबत ‘सआदत’ हे बायकांचं मासिक वर्षानुवर्षं चालवलं. ती भारतात येऊन गेली होती, त्यातून ‘मुशायरा’ ही कविता झाली.

प्रश्न : चिंगीझ ऐतमातोव उझबेकच ना? (वाचक, बेळगाव)

नाही, किर्गीझ. शेजारी देश, वेगळी भाषा. ‘जमीला’ त्यांची. ती जरूर वाचा, पण ह्या यादीत नको.

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर एकच उझबेक कथा घ्यायची झाली तर कोणती? (वाचनकट्ट्याच्या संयोजक, रत्नागिरी)

ताई, अब्दुल्ला कह्हारची ‘बेमार’ घ्या. कह्हार (१९०७ ते १९६८) हा त्यांचा सर्वात काटेकोर कथाकार, एकही शब्द जास्तीचा नाही. कथेच्या माथ्यावर एक म्हण आहे : आभाळ दूर, जमीन कठीण. सातीबाल्दी हा गरीब कामगार, त्याची बायको आजारी. काळ झारचा. कुणी म्हणतं इस्पितळात ने. इस्पितळ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर काय येतं? भाड्याची बग्गी आणि झारचं चित्र असलेली पंचवीस रूबलची नोट. एवढ्या एका वाक्यात कह्हारने त्या माणसाची ऐपत सांगितली. मग मंत्र-तंत्र, पीर, सगळं होतं. एक म्हातारी सांगते की निष्पाप लेकराची पहाटेची दुआ कबूल होते. म्हणून बाप रोज पहाटे चार वर्षांच्या मुलीला उठवतो आणि ती बोबड्या बोलात म्हणते, देवा, माझ्या आईला बरं कर. एका पहाटे आई मरते. बाप मुलीला तिच्या कुशीतून उचलतो, मुलगी अर्धवट जागी होते आणि डोळे न उघडताच, सवयीने, तीच दुआ म्हणते. कथा तिथे संपते. लेखक स्वतः काही बोलत नाही.

वेळ उरला तर त्याचीच ‘अनार’ जोडून घ्या. त्यात गरोदर बायकोला डाळिंबाचे डोहाळे लागलेत, नवरा डाळिंबं परवडत नाहीत म्हणून मध घेऊन येतो, आणि त्यावरून दोघांत जे भांडण पेटतं ते आपल्या कुठल्याही चाळीत ऐकू यावं असं आहे. रात्री उशिरा तो डाळिंबांचं गाठोडं घेऊन परततो, ते कुठून आणलं हे तुमच्या सभासदांनाच शोधू द्या. दोन्ही कथा मोठ्याने वाचायला तासही लागत नाही. चर्चेला मात्र जास्त वेळ ठेवा, कारण बायकोचं बरोबर की नवऱ्याचं, ह्यावरून दोन तट पडणारच.